वांगेसटीचा घास

आमच्या शहरात कुत्र्याला फिरवायला जागाच नाही, असं जो म्हणतो त्याने एक तर कुत्रा पाळलेला नसतो, नाहीतर पाळून गड्याच्या हवाली केलेला असतो. एका कुत्र्यापायी मी पाच वर्षं औरंगाबादच्या चारी दिशांना पायपीट केली आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. एरवी तरी कुठं ऐकून घेतेस, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या असत्या.

उत्तरेला हिमायत बाग. दिल्ली दरवाज्याच्या त्या बाजूला चिंचेची आणि आंब्याची जुनी झाडं इतकी दाट की एप्रिलमध्येही सकाळी नऊपर्यंत जमीन गार असायची. आमचं घर स्टेशनच्या बाजूला, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाला, म्हणून तिथं फक्त रविवारी जायचो, रिक्षा करून. रिक्षावाला ठरलेला होता. पहिल्या दिवशी तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाजी, कुत्ते कू नीचे बिठाव. सीट खराब हुई तो मेरे कू सुनना पडता." सहा महिन्यांनी तोच गुलमंडीवरून कुत्र्यासाठी खारी आणायला लागला आणि आम्ही उशीर केला तर आम्हालाच ऐकवायला लागला.

मला स्वतःला आवडायचा तो लेण्यांचा पायथा. मकबऱ्याच्या मागे डोंगरात लेणी आहेत, पण पाहुणे सगळे वेरूळला पळतात, त्यामुळे इकडं शुकशुकाट. दिवाळीनंतर तिथलं गवत सोनेरी होतं आणि गुडघ्याच्या वर येतं. त्यात शिरला की कुत्रा दिसायचाच नाही, नुसतं शेपटीचं टोक पुढं पुढं जात असायचं. मी दगडावर बसून राहायची. शाळेतली पोरं, तपासायच्या वह्या, घरातली शांतता, काही म्हणजे काही आठवायचं नाही. घरी आल्यावर त्याच्या अंगातली कुसळं काढायला तास जायचा आणि गोचिडीही निघायच्या, पण मला त्याचं काही वाटायचं नाही.

तिसरी वाट साताऱ्याची. घाटावरचा सातारा नव्हे, रूळ ओलांडून दक्षिणेला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी लागतं ते आमचं साताऱ्याचं खेडं. तिथं खंडोबाचं जुनं दगडी देऊळ आहे. आता त्या बाजूला इमारतींची गर्दी झाली आहे, तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि मधून बैलगाडीची चाकोरी. देवळामागून डोंगरावर गुराख्यांची वाट चढते. ही वाट सासूबाईंची. खंडोबा आमच्या घरचं कुलदैवत आणि कुत्रा खंडोबाचा, त्यामुळे या वाटेवर मला मत नव्हतं.

चौथी वाट गंगापूरकडची, आमच्या शेतातली. उसाच्या फडाच्या कडेने पाटापर्यंत जायचं आणि यायचं. ती कुत्र्याला मुळीच आवडायची नाही. गावातली कुत्री त्याचा पट्टा बघून चवताळायची आणि हा शहरी बाबू माझ्या पायांत शिरून शेपूट घालायचा. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्यावानीच हाय. गावात आलं की तोंड बारीक."

हा कुत्रा घरी आला तेव्हा आम्ही दोघीच राहत होतो. माझ्या नवऱ्याची बदली नांदेडला झालेली, तो महिन्यातून दोनदा यायचा. सासरे गेल्यावर सासूबाईंना गावाकडून इथं आणलं होतं, त्यांच्या मनाविरुद्ध. तीन खोल्यांत त्यांचा जीव घुसमटायचा आणि माझा त्यांना बघून. मला दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा काही टिकलं नव्हतं. त्याबद्दल त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मी कबूल करते. पण त्या काहीच बोलल्या नाहीत, याचा मला राग होता. आमच्यात बोलायला एकच विषय उरला होता, भाजीतलं मीठ.

दुसऱ्या वेळेनंतर त्या मला साताऱ्याला घेऊन गेल्या. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परतताना एक तांबूस पिल्लू आमच्या मागं लागलं. मी हाकललं, दगड उचलल्यासारखं केलं, तरी रुळांपर्यंत आलं. तिथं सासूबाई थांबल्या, त्यांनी वाकून ते उचललं आणि पदरात घेतलं. "देवानं धाडलंय," म्हणाल्या. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "मागितलं येक, दिलं येक. पर दिलेलं परत करू नाय."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझ्या पोरांच्या बदल्यात हे, असंच मला वाटलं. पण आठवड्याभरात ते पिल्लू माझ्या उशाशी झोपायला लागलं आणि मी त्याला हुसकलं नाही. त्याचं नाव आम्ही ठेवलंच नाही. मी "ए" म्हणायची आणि सासूबाई "ए देवा" म्हणायच्या. तो दोन्हीला ओ द्यायचा.

सासूबाई चालताना बोलायच्या. घरात समोरासमोर बसलो की दोघींची तोंडं शिवलेली, पण वाटेवर दोघींचीही नजर पुढं, कुत्र्याच्या शेपटीवर, मग त्यांना बोलता यायचं. रझाकारांच्या वेळी त्या आठेक वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरचे सगळे रातोरात गोदावरी ओलांडून नगरच्या बाजूला गेले होते. पोरं घेतली, दागिने घेतले, शेळीसुद्धा घेतली, पण कुत्रा भुंकेल म्हणून दावणीला बांधून ठेवला. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आले तर कुत्रा दारात बसलेला. कुणीतरी सोडला असावा. "नुसती हाडं राह्यली व्हती. मला बघून उठला बी नाय. नुसती शेपटी हालवली," हे त्यांनी मला डोंगराच्या चढावर सांगितलं आणि श्वास घ्यायला थांबल्या. मी विचारलं, मग जगला का तो? त्या म्हणाल्या, "चल, ऊन व्हईल."

अशी पाच वर्षं गेली. मी त्या वर्षांना सुखाची म्हणत नाही. नवऱ्याची बदली काही परत झाली नाही आणि तिसऱ्यांदा काही राहिलंही नाही. पण सकाळी उठायला एक कारण होतं आणि ते कारण आम्हा दोघींचं सारखं होतं.

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला आमच्याकडे वांगेसट म्हणतात. चातुर्मासात आम्ही कांदा, लसूण आणि वांगं खात नाही. तो वनवास त्या दिवशी सुटतो. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजून रोडगे करायचे आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि लसूण अगदी हात सैल सोडून. चार महिन्यांचं सगळं उट्टं त्या भरतात निघतं. नैवेद्य आधी देवाला, मग कुत्र्याला आणि मग माणसांना. सासूबाईंचा नियम होता, कुत्रं पोटभर जेवलं तर देव जेवला. घासभर टाकून मोकळं होणाऱ्या बायकांना त्या नावं ठेवायच्या.

आधीच्या वर्षांत आम्ही हे घरीच करायचो, भरीत बेताचं, कुत्र्याचं पोट रोडग्यांनीच भरायचं. त्या वर्षी सासूबाईंनी त्याला देवळात न्यायचं ठरवलं. मीच त्याला आदल्या दिवशी साबण लावून धुतला. देवळात भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं होतं. गावातल्या कुत्र्यांना बायका भितात, लांबून रोडगा फेकतात. आमचा मात्र धुतलेला, गळ्यात पट्टा असलेला, कपाळावर भंडारा लावलेला, शहाण्यासारखा बसलेला. हातातून अलगद घ्यायचं, ओरबाडायचं नाही, हे मी त्याला महिनामहिना शिकवलं होतं. बायकांची रांगच लागली. जी ती भरीत-रोडग्याचे पाच घास द्यायची आणि हात जोडायची. सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि कुणी तीन घासांवर थांबली तर म्हणायच्या, "पाच दे माय, आखडू नको." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, नातवाला असंच मिरवलं असतं त्यांनी.

थंडीचे दिवस, भरीत टिकतं. उरलेलं त्यांनी पुढे तीन दिवस त्याला भाकरीत कालवून घातलं. देवाचा प्रसाद टाकून द्यायचा नसतो.

पाचव्या दिवशी सकाळी तो साताऱ्याच्या वाटेवर बसला. पट्टा ओढला तरी उठेना. आधी मला वाटलं, लाडावलाय. मी त्याला रागावले, हे मला आजही आठवतं. मग त्याने तिथंच बसल्या जागी लघवी केली आणि ती काळ्या चहासारखी होती.

जनावरांचे डॉक्टर म्हशी-बैलांचे, पण माणूस मनापासून बघणारा होता. त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, पांढऱ्याफटक. रक्त काढायला सुई घेतली तेव्हा सासूबाईंना बघवेना, त्या बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, चार-पाच दिवसांत काय खाल्लं? मी सांगितलं. कुत्र्याला कांदा आणि लसूण विषासारखा, म्हणाले, रक्तच फुटत जातं आतल्या आत आणि दिसतं चार दिवसांनी. थोडं खाल्लं असतं तर निभावलं असतं. रक्त द्यायची सोय इथं नव्हती. परभणीच्या जनावरांच्या कॉलेजात न्या म्हणाले, पण वाटेत टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली.

मी बाहेर आले. सासूबाईंनी वर बघितलं. त्यांच्या नखांत अजून भंडारा होता.

"काय म्हणले डाक्तर?"

"गोचिडताप आहे म्हणतात," मी म्हणाले.

मी हे विचार करून बोलले नाही. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर बरंच वाटलं. माझ्या हातून आयुष्यात एखादं चांगलं काम झालं असेल तर ते हे, असं मला त्या क्षणी वाटलं होतं.

तो तिसऱ्या दिवशी दुपारी गेला, ओसरीवरच्या उन्हात. सासूबाई त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होत्या, ते एका बाजूने बाहेर आलं. नवरा सुट्टी काढून आला. जीप करून आम्ही त्याला गंगापूरला नेलं आणि शेताच्या बांधाला पुरलं, जिथं यायला तो एवढा भ्यायचा. दुसरी जागाच नव्हती आमच्या मालकीची.

परतताना जीपमध्ये सासूबाई म्हणाल्या, "त्या लेण्याच्या गवतात नेऊ नको म्हणलं व्हतं मी."

खरं सांगायचं नाही असं मी ठरवलंच होतं. पण ते वाक्य तिथं संपलं नाही. शेजारीण समाचाराला आली, तिला त्यांनी सांगितलं, "हिनं गवतात नेलं, गोचिडं झाली." रिक्षावाल्याला सांगितलं. माझ्या नणंदेला पत्रातून कळवलं. त्यांच्या बोलण्यात खुन्नस नव्हती. पाऊस कमी झाला म्हणून पीक गेलं, हे जसं सांगतात तसं त्या सांगायच्या. तेच मला जास्त लागायचं. लेण्यांच्या पायथ्याला मी एकदा एकटी जाऊन बघितलं. गवत तसंच सोनेरी होतं आणि मला त्या गवताचा राग येईना, सासूबाईंचाच येत होता. आपणच खोटं बोलायचं आणि आपल्या खोट्यावर समोरच्याने विश्वास ठेवला म्हणून चिडायचं, यात शहाणपण नाही हे मलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

आम्ही दोघी साताऱ्याला जायचो, पण कुत्र्याविना चालणं म्हणजे नुसतं चालणं. मीठसुद्धा आता बोलायला पुरेना.

वर्ष फिरलं. वांगेसटीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मंडईतून पाटीभर वांगी आणि पातीच्या पाच जुड्या आणल्या. एवढं कशाला, मी विचारलं.

"त्येच्या नावानं घालायचंय. डोंगरावरच्या सगळ्या कुत्र्यांला. येक बी उपाशी जाऊ द्यायचं नाय."

मी त्यांना सांगू लागले की कांदा थोडा कमीच घाला, नाहीतर नुसता रोडगा आणि दूध घालू. त्या विळीवर बसून पात चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला काय कळतंय? तुला कळलं आसतं तर त्याला गवतात नेलं नसतं."

"गवताने नाही मेला तो," मी म्हणाले. "तुमच्या भरताने मेला."

विळीवरचा हात थांबला. मग मी थांबले नाही. डॉक्टर काय म्हणाले, रक्त कसं फुटतं, देवळातल्या बायकांचे पाच-पाच घास, तीन दिवस कालवून घातलेलं उरलेलं, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. शेजारच्या दारात कुणी उभं राहिलं असेल तर त्यांनीही ऐकलं असेल.

"तवाच म्हणले व्हते डाक्तर?"

"तेव्हाच."

त्यांनी चिरलेली पात विळीपासून लांब सारली. मग म्हणाल्या, "गावाकडं वांगेसटीनंतर कुत्री मरायची. दरसाल दोन-तीन. थंडीनं मरत्यात म्हणायचो आम्ही." मग बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. लग्न होऊन आल्यापासूनच्या चाळीस वांगेसटी होत्या त्या, मला कळलं. प्रत्येक कुत्रं पोटभर जेवल्याशिवाय त्यांनी ताट घेतलं नव्हतं.

मी खाली बसले, त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी हात काढून घेतला नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी जे केलं त्याला पुढे नवऱ्याने चांगलं नाव दिलं, म्हणाला, डोंगरावरची कुत्री वाचली. वाचली असतील. पण मी ते कुत्र्यांसाठी सांगितलं नव्हतं. कुत्र्यांसाठी सांगायचं असतं तर हळू आवाजात सांगता आलं असतं, वर्षभरात कधीही. माझ्यावरचा आळ मला काढायचा होता आणि तो मी काढला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या, गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले. देवापुरतं भरीत केलं, वाटीभर. बाकीची वांगी तशीच पाटीत राहिली. कुत्र्यांसाठी रोडगे वेगळे कुस्करून दुधात भिजवले आणि डबा माझ्याकडे दिला. साताऱ्याच्या वाटेने आम्ही दोघी गेलो. ज्वारी कंबरेएवढी झाली होती.

दर्शन झालं. देवळामागं कुत्री जमली होतीच, त्यांना दिवस कळतो. मी डबा उघडला आणि सवयीने सासूबाईंच्या पुढे धरला.

"तू दे," त्या म्हणाल्या. "माझा हात नको."

मी आग्रह केला, दूध-रोडगाच आहे म्हणाले, याने काही होत नाही. त्या चार पावलं मागे जाऊन भिंतीला टेकल्या. मी एकेका कुत्र्याला घालत राहिले. त्यांतली एक लंगडी कुत्री, वाटेवर येताजाता कधी सासूबाईंच्या हातचं खाल्लेली होती कोण जाणे, माझ्याकडे आलीच नाही. ती सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि तोंड वर करून बघायला लागली. सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तिकडं जा गं माय," त्या म्हणाल्या. "तिकडं जा."